खुर्चीत बसून खजिना शोधणारे नागपूरकर आहेत का इथे?

संत्रासाल

पुस्तकात चित्रं असतात, कोड्यात टाकणाऱ्या कविता असतात. त्यांतून एक जागा काढायची. त्या जागी लेखकाने खरोखर काहीतरी पुरून ठेवलेलं असतं. ज्याला उत्तर सापडलं त्याने जाऊन खणायचं, किंवा आमच्यासारखं घरीच बसून वाद घालायचा. नागपुरात हा उद्योग करणारे आम्ही चौघं आहोत. धरमपेठेत एकाच्या गच्चीवर जमतो, उन्हाळ्यात खाली हॉलमध्ये कूलरपुढे. आणखी कुणी असेल तर हाक द्या, म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. या प्रकाराचं वेड लावलं ते किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराने, १९७९ साली. पुस्तकाचं नाव 'मास्करेड'. १५ चित्रं आणि एका सशाची गोष्ट. चंद्राने सूर्यासाठी पाठवलेला दागिना ससा वाटेत हरवतो. तो दागिना म्हणजे १८ कॅरेट सोन्याचा ससा, विल्यम्सने स्वतः घडवलेला. मेटल डिटेक्टरवाल्यांची सोय होऊ नये म्हणून त्याने तो मातीच्या भाजलेल्या पेटीत बंद केला आणि रात्री जाऊन पुरला. सोबत साक्षीदार म्हणून टीव्हीवरचा प्रसिद्ध सूत्रसंचालक बँबर गॅस्कॉइन.

उकल सांगतो, कारण ती जगजाहीर आहे आणि फार देखणी आहे. प्रत्येक चित्राभोवती अक्षरांची चौकट आहे. चित्रातल्या माणसाच्या किंवा प्राण्याच्या डोळ्यापासून रेघ काढायची, ती हाताच्या सगळ्यात लांब बोटावरून पुढे न्यायची, चौकटीतल्या ज्या अक्षराला लागेल ते लिहून घ्यायचं. मग पायाच्या अंगठ्याचं तसंच. एवढं सगळ्या चित्रांचं केलं की जो मजकूर तयार होतो तो सांगतो, विषुवदिनाच्या भर दुपारी कॅथरीनचं लांब बोट जिथे सावली टाकेल तिथे खणा. बेडफर्डशायरमध्ये अँप्टहिल नावाच्या गावी एका पार्कात आठव्या हेन्रीची पहिली राणी कॅथरीन हिच्या स्मरणार्थ एक उंच क्रूस उभा आहे. तेच लांब बोट. आणि त्या मजकुराची आद्याक्षरं वरून खाली वाचली की गावाचं नावही येतं.

म्हणजे उत्तर स्वतःच सांगतं की मी बरोबर आहे. आमच्या कंपूत यालाच साक्षीदार म्हणतात. ज्या उत्तराला साक्षीदार नाही त्यावर आम्ही चहासुद्धा पाजत नाही.

सध्या आम्ही बायरन प्राइस यांच्या 'द सीक्रेट'वर आहोत. १९८२ चं पुस्तक, १२ चित्रं, १२ कविता. कुठलं चित्र कुठल्या कवितेबरोबर जातं तेही सांगितलेलं नाही. उत्तर अमेरिकेत १२ ठिकाणी पेट्या पुरल्या, प्रत्येकीत एक किल्ली, किल्ली दिली की एक रत्न. आजवर तीनच निघाल्या: शिकागो १९८३, क्लीव्हलँड २००४, बोस्टन २०१९. प्राइस २००५ साली गाडीच्या अपघातात गेले. उरलेल्या नऊ जागा त्यांनी कुणाला सांगितल्याचं ऐकिवात नाही.

नागपुरातून फावडं घेऊन जाणं शक्यच नाही, हे मला या खेळातलं सुखच वाटतं. बोला.

सदाशिवपेठी

वाचून करमणूक झाली. दोन शंका. एक, तो ससा शेवटी सापडला का? दोन, नऊ हजार मैलांवरची माती उकरायची नाही, रत्न मिळायचं नाही, तर हे शब्दकोड्यापेक्षा वेगळं कसं?

संत्रासाल

@सदाशिवपेठी, मैल जरा जास्त झाले, पण असो.

ससा १९८२ साली सापडला. केन थॉमस असं नाव सांगणाऱ्या एका माणसाने विल्यम्सला जागेचा एक कच्चा नकाशा पाठवला आणि नंतर ससा बाहेर काढला. त्याला वर सांगितलेली डोळा-बोट-अक्षर ही युक्ती माहीतच नव्हती. १९८८ च्या डिसेंबरात 'संडे टाइम्स'ने भांडं फोडलं: नाव खोटं होतं, आणि त्याच्या धंद्यातल्या भागीदाराची मैत्रीण ही पूर्वी विल्यम्सबरोबर राहिलेली होती. अँप्टहिल ही विल्यम्सची आवडती जागा, एवढं तिला आठवत होतं. त्याच महिन्यात सशाचा सदबीजमध्ये लिलाव झाला, ३१,९०० पौंडांना.

खरी उकल केली ती भौतिकशास्त्राच्या दोन शिक्षकांनी, माइक बार्कर आणि जॉन रूसो. तेही अँप्टहिलला जाऊन खणून आले होते, पण पेटी त्यांच्या हाती लागली नाही. त्यांचं बिनचूक उत्तर विल्यम्सकडे पोचलं तोवर बक्षीस दुसऱ्याच्या पदरात पडलेलं होतं.

आता तुमची दुसरी शंका. खुर्चीत बसून सगळं बरोबर सोडवणारे कोण होते ते आज सगळ्यांना ठाऊक आहे. ससा ज्याच्या हातात होता त्याचं खरं नाव मला बघून सांगावं लागेल. शब्दकोड्यात दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर छापून येतं. इथे जगातला एक दगड, एक भिंत, एक झाड तुमच्या डोक्यातल्या तर्काला हो किंवा नाही म्हणतं.

कपाटउघडी

हाक ऐकली! मी सक्करदऱ्याची. पुरलेला खजिना नाही, पण याच खानदानातलं एक पुस्तक गेल्या उन्हाळ्यात केलं: 'केन्स जॉबोन'. १९३४ चं. लेखक एडवर्ड पॉइस मॅदर्स, 'टॉर्केमाडा' या नावाने वर्तमानपत्रात महाकठीण शब्दकोडी देणारे. रहस्यकथा आहे, १०० पानांची, आणि पानं मुद्दाम उलटसुलट क्रमाने छापलेली. पानं नीट लावायची, कोण मेलं आणि कुणी मारलं ते सांगायचं. बक्षीस १५ पौंड. त्या काळी दोघांनाच जमलं. तिसरा मोठ्या गाजावाजाने निघाला तो २०२० मध्ये, जॉन फिनेमोर हे विनोदी लेखक, लॉकडाऊनमध्ये घरात बसून.

मी पुस्तक फाडायला जीव धजेना म्हणून झेरॉक्स काढल्या आणि हॉलभर फरशीवर मांडल्या. मे महिना. नागपूरकरांना पुढचं सांगायला नको. यजमान बाहेरून आले, उकडतंय म्हणून त्यांनी कूलर 'हाय'वर केला, आणि माझे सगळे खून एकमेकांत मिसळले. तेव्हापासून प्रत्येक पानावर जुन्या साडीच्या काठाची वजनं, म्हणजे वाळूच्या पुरचुंड्या. सोडवून झालं का विचारू नका, चालू आहे.

संत्रासाल

कपाटउघडी ताई, तुम्ही रविवारी याच. पुरचुंड्या घेऊन या, आमच्याकडेही कूलर आहे.

ठोंब्या_महालवाला

भाऊ, धागा पाहूनच उड्या मारून राह्यलो. 'द सीक्रेट' मी बी करून राह्यलो, एकटाच. अन् सांगतो, मिलवॉकी माझं झालं. शंभर टक्के.

चित्रात जात्याचा दगड, चालायची काठी अन् किल्ली. मिल, वॉक, की. लहान पोरगंही सांगते. मागं मिलवॉकीच्या सिटी हॉलचा टॉवर लपवला आहे, फोटो शेजारी ठेवून पाहा. कवितेत मिचेल हे नाव, ते बी तिथलंच मोठं घराणं. ९२ पायऱ्या चढा, पुलाखालच्या नाल्यापाशी या, तिथून आग्नेयेला १०० पावलं, मंग पहिलं कोवळं बर्चचं झाड. मी स्ट्रीट व्ह्यूवर लेक पार्क पूर्ण पालथं घातलं. झाड दिसते! माझा भाचा शिकागोले राह्यते, दीडशे किलोमीटर. त्याले म्हटलं रविवारी रातच्याले जाऊन खणून ये. काय म्हणता?

लक्ष्मीनगरची_लेक

माहेर लक्ष्मीनगर, सध्या ओहायोत, म्हणून बोलते. ठोंब्या भाऊ, रात्री पार्कात फावडं घेऊन भाच्याला पाठवू नका हो. सार्वजनिक पार्कात परवानगीशिवाय खणणं हा इथे गुन्हा आहे, आणि पोरगा व्हिसावर असेल तर दहा डॉलरच्या फावड्यापायी भलतंच होऊन बसेल. आधी पार्कवाल्यांना पत्र. या शोधामुळे त्यांना अशा पत्रांची सवय आहे.

क्लीव्हलँडची पेटी निघाली ती ग्रीक कल्चरल गार्डनमध्ये. मी तिथे मुद्दाम जाऊन आले. एका लांबच लांब रस्त्याच्या कडेने वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी आपापल्या बागा केल्यात, त्यातली ही एक, जरा खोलगट. कवितेत सॉक्रेटिस, पिंडर, अपेलिस ही तीन नावं होती आणि ती तिथे दगडात कोरलेली आहेत. दहावा दगड, नववी ओळ असं भिंतीवरचं मोजमापही दिलेलं होतं. तिथे उभं राहिल्यावर कळतं की याला दुसरी जागा असूच शकत नाही.

संत्रासाल

हाच तो साक्षीदार. बोस्टनच्या कवितेत थ्युसिडिडीझ आणि झेनोफन यांची नावं आहेत, आणि ती बोस्टन पब्लिक लायब्ररीच्या दर्शनी भिंतीवर कोरलेल्या नावांत सापडतात. हे धरमपेठेत बसून फोटोत वाचता येतं. बोस्टनची पेटी २०१९ मध्ये लँगोन पार्कात बांधकाम चालू असताना निघाली. प्राइस यांना जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती, तरी त्यांच्या कुटुंबाने शब्द पाळून रत्न दिलं.

ठोंब्या, शहर तुझं बरोबर आहे, त्यावर जगभरच्या लोकांचं जवळपास एकमत आहे. पार्कही बहुतेक लोक तेच धरतात. पण पार्क म्हणजे जागा नव्हे. झाडाबद्दल दोन शब्द बोल. कविता लिहिली तेव्हा ते कोवळं होतं. तुला स्ट्रीट व्ह्यूवर आज जे कोवळं बर्च दिसतंय, ते १९८२ साली होतं का? तेव्हाचं कोवळं झाड आज एकतर म्हातारं असेल नाहीतर नसेल.

ठोंब्या_महालवाला

...

हे डोक्यातच नाही आलं बाप्पा. पण झाड नसलं तं नसलं, १०० पावलं तं आहेत ना? नाल्यापासून मोजू.

साखळीवाला

नमस्कार. मी भूमापन खात्यातून निवृत्त. मुलाने धागा दाखवला. 'शंभर पावलं' वाचून राहवलं नाही.

कोणाची पावलं? साधारण माणसाचं एक पाऊल ७५ सेंटिमीटर धरू. म्हणजे ७५ मीटर. उंच माणूस असेल तर ८०, ठेंगणा असेल तर ७०. मोजणीच्या दिशेत झाला दहा मीटरचा घोळ. आता 'आग्नेय'. होकायंत्राची आग्नेय की नकाशाची? आणि कवी काही थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) लावून उभा नव्हता, त्यामुळे डावी-उजवीकडे पाच-पाच अंश सूट द्यावीच लागेल. ७५ मीटरवर पाच अंश म्हणजे साडेसहा मीटर, दोन्ही बाजू मिळून तेरा. दहा गुणिले तेरा, एकशे तीस चौरस मीटर. म्हणजे साधारण चौदाशे चौरस फूट. आमच्या मानेवाड्याकडे एवढ्या प्लॉटवर लोक खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या बांधून भाडेकरू ठेवतात. तेवढं सगळं तीन फूट खोल तुमचा भाचा रविवारी रात्री खणणार का?

आपल्या शून्य मैलाच्या दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदवलेली आहे. दशांश चिन्हापुढे तीन आकडे. मोजणं याला म्हणतात.

ठोंब्या_महालवाला

काका दंडवत. भाच्याले फोन करून थांबवलं. तो बी खूश झाला, त्याले जायचंच नव्हतं.

सदाशिवपेठी

साखळीवाला यांचा प्रतिसाद संग्राह्य. मात्र यातून असंही दिसतं की कोडं घालणाऱ्याने कोडं नीट घातलेलं नाही. झाडासारखी मरणारी वस्तू खूण म्हणून वापरणं हा निष्काळजीपणा.

संत्रासाल

मान्य. प्राइस यांना वाटलं असणार की वर्ष-दोन वर्षांत सगळ्या पेट्या निघतील. कोड्याला आयुष्य किती हे घालणाऱ्याला कळत नाही. फ्रान्समध्ये १९९३ साली सोन्याच्या घुबडाचा शोध सुरू झाला, ११ कोडी. कोडी रचणारा माणूस, टोपणनाव मॅक्स व्हॅलेंटिन, २००९ साली गेला. लोक सोडवत राहिले. जमिनीतली खूण निघाली ती ३ ऑक्टोबर २०२४ ला, ३१ वर्षांनी. ज्यांनी विशीत सुरुवात केली ते पन्नाशी ओलांडून गेले.

आणि खुर्ची सोडण्याबद्दल. अमेरिकेत फॉरेस्ट फेन नावाच्या गृहस्थाने २०१० साली आत्मचरित्रात २४ ओळींची कविता छापली आणि रॉकी पर्वतात पेटी ठेवल्याचं सांगितलं. २०२० साली ती वायोमिंगमध्ये सापडली, पण तोवर नद्या-दऱ्यांत शोधताना पाच जणांचा जीव गेला. म्हणून म्हणतो, आमची खुर्ची बरी.

नगरधन

धागा आवडला. पण तुम्ही सगळे अमेरिका, इंग्लंड करताय. अहो, पुस्तकावरून जागा शोधण्याचा सगळ्यात मोठा शोध आपल्या अंगणात होऊन गेलाय, आणि त्यात नागपूरचाच माणूस होता!

'मेघदूत'. यक्ष रामगिरीवर आहे. रामगिरी कुठला? कालिदास पत्ता देत नाही, खुणा देतो. सीतेच्या स्नानाने पवित्र झालेलं पाणी. पर्वताच्या उतारावर रामाची पावलं. तिथून ढगाने उत्तरेला निघायचं, वाटेत आम्रकूट, मग विंध्याच्या पायथ्याशी फुटलेली रेवा, म्हणजे नर्मदा, पुढे विदिशा, उज्जयिनी. मल्लिनाथाने टीकेत सांगून टाकलं, रामगिरी म्हणजे चित्रकूट. काहींनी सरगुज्यातला रामगढ धरला. आणि नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी सांगितलं, रामटेक.

संत्रासाल, तुम्ही पुस्तकाबाहेरचा साक्षीदार मागता ना? हा घ्या. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, चंद्रगुप्त दुसरा याची लेक. तिचा ऋद्धपूरचा ताम्रपट दिला गेलाय तो 'रामगिरिस्वामी'च्या पायांपासून. आणि वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या पायथ्याजवळचं नगरधन. (माझं गाव. म्हणून आयडी.) कवितेबाहेर, तांब्यावर कोरलेलं, त्याच काळातलं, रामगिरीवर रामाची पूजा होत होती याचा पुरावा. हा साक्षीदार भिंतीवरच्या सॉक्रेटिसपेक्षा कमी आहे का?

कपाटउघडी

वा! रामटेकला किती वेळा गेलो, गडावर माकडांपासून प्रसादाची पिशवी वाचवण्यातच सगळं लक्ष. हे असं कधी बघितलंच नाही.

सदाशिवपेठी

छान मांडलंत, पण एक अडचण राहते. आम्रकूट म्हणजे अमरकंटक असं धरलं तर ते रामटेकच्या उत्तरेला नाही. ईशान्येला, चांगलं अडीच-तीनशे किलोमीटर लांब. ढगाला उत्तरेकडे जायला सांगून तिकडे कुठे वळवायचं? सरगुज्याचा पक्ष घेणारे नेमकं हेच दाखवतात, कारण तिथून अमरकंटक पश्चिमेला येतं आणि कालिदास ढगाला थोडं पश्चिमेकडे जाऊन पुन्हा उत्तरेला लाग असंही सांगतो.

नगरधन

ते अमरकंटक धरलं तर. आम्रकूट म्हणजे आंब्यांनी झाकलेला डोंगर. कालिदासाने त्यावर पिकलेले आंबे सांगितले आहेत. नाव जुळतं म्हणून अमरकंटकच असं का? ही तर नकाशावर नाव सापडलं की उडी मारायची सवय झाली.

सदाशिवपेठी

आणि 'रामगिरिस्वामी' हे नाव जुळलं म्हणून रामटेक, ही उडी नव्हे?

नगरधन

नाव एकटं नाही ना! राजधानी शेजारी आहे, राणी तिथे दान देते आहे, वाकाटकांच्या काळातली देवळं आजही त्या टेकडीवर उभी आहेत. चार गोष्टी एका ठिकाणी येतात.

साखळीवाला

मी नकाशा काढून बघितला. सदाशिवपेठी यांचा ईशान्येचा मुद्दा कोनाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण नगरधन यांच्या बाजूला एकापेक्षा जास्त स्वतंत्र निरीक्षणं आहेत. मोजणीत आम्ही एका बिंदूवर एका दिशेने रेघ आणून थांबत नसू. तीन बाजूंनी रेघा आणायच्या. त्या एकाच ठिकाणी छेदल्या तर बिंदू पक्का, आणि छेदताना छोटा त्रिकोण उरला तर त्या त्रिकोणाचा आकार सांगतो की चूक किती आहे. रामटेकचा त्रिकोण मला लहान वाटतो. शून्य मात्र नाही.

संत्रासाल

काका, तुमचं हे वाक्य आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितो.

गॅस्कॉइनने पुढे सशाच्या शोधावर पुस्तक लिहिलं. त्याने हजारो लोकांची उत्तरं वाचली होती. कुणी अमुक किल्ला सिद्ध केला होता, कुणी तमुक टेकडी, आणि प्रत्येकाचा तर्क आतून अगदी घट्ट. माणसाचं डोकं नक्षी शोधण्यात जितकं पटाईत, तितकंच स्वतःला फसवण्यात, असा त्याचा निष्कर्ष. माझं मत जरा कडक आहे: ज्या खुणा तुम्हाला उत्तर मिळाल्यानंतर दिसायला लागतात त्या मोजायच्याच नाहीत. ठोंब्याला झाड आधी दिसलं असतं आणि पार्क नंतर, तर मी वेगळं बोललो असतो.

ठोंब्या_महालवाला

पुन्हा माझ्यावरच!

बरं, एक विचारू का. तो सशावाला सावलीचा खेळ आपल्या नागपुरात करता येईल का? म्हणजे आपणच एखादं कोडं घालावं. पुरायचं काही नाही, नुसती जागा काढायची. खांब घ्यावा एखादा अन् दुपारची सावली.

साखळीवाला

येईल, पण अँप्टहिलसारखा नाही. ते गाव ५२ अक्षांशावर आहे. विषुवदिनी मध्यान्हीला तिथे दहा फुटी खांबाची सावली पावणेतेरा फुटांच्या आसपास पडते, खांबापेक्षा लांब. म्हणून 'लांब बोट' शोभतं. आपलं नागपूर २१ अक्षांशाच्या जरा वर. त्याच खांबाची त्याच दिवशी सावली चार फुटांनाही थोडी कमी. आखूड बोट म्हणा. २६ मेच्या सुमारास तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली गायबच. जुलैच्या मध्यालाही येतो, पण तेव्हा ढग.

दुसरं. 'भर दुपार' म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपली वेळ ८२.५ रेखांशाची, नागपूर ७९ च्या जरा पुढे, त्यामुळे आपली मध्यान्ह तशीही चौदा मिनिटं उशिरा. त्यात सूर्याची स्वतःची मागेपुढे चाल. २१ मार्चला नागपूरची खरी मध्यान्ह साधारण १२ वाजून २१ मिनिटांनी, २३ सप्टेंबरला १२ वाजून ६ मिनिटांनी. दोन्ही विषुवदिन, पण पाव तासाचा फरक. कोड्यात कुठला विषुवदिन ते सांगावं लागेल. लांबीला फरक नाही, पण बरोबर बाराला जाऊन खूण केली तर दिशा चुकेल.

कपाटउघडी

काका, हेच तर कोडं! दोन्ही दिवशी बाराच्या ठोक्याला सावलीची टोकं कुठे पडतात, त्या दोन टोकांच्या मध्ये काय आहे, असं विचारायचं. सोडवणाऱ्याला आधी कळलं पाहिजे की टोकं दोन आहेत.

साखळीवाला

बाई, तुम्ही सर्व्हेत यायला हवं होतं. मात्र दहा फुटी खांबाला दोन टोकांमधलं अंतर फुटापेक्षा कमीच भरेल. उंच खांब बघा.

सदाशिवपेठी

कोणता खांब घेणार? शून्य मैलाचा दगड घेऊ नका, तो सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतो.

लक्ष्मीनगरची_लेक

आणि झाड घेऊ नका :)

नगरधन

रामटेक घ्या. मी खांब शोधून ठेवतो. सदाशिवपेठी, तुम्हीही या, आम्रकूटावर समोरासमोर बोलू. सावजी खाता का?

सदाशिवपेठी

प्रयत्न करीन. दोन्हीचा.

ठोंब्या_महालवाला

भाच्याचा निरोप: मिलवॉकीच्या लायब्ररीत पार्कचे जुने फोटो पाहायले मिळतात का, ते विचारतो म्हणाला. ८२ च्या आसपासचे. मिळाले तं इथंच टाकतो, मंग त्या झाडाचं काय ते ठरवू. पार्कवाल्यायले पत्र लक्ष्मीनगर ताईनं लिहून द्यावं, माझं इंग्रजी वाचून ते परवानगी नाही, पोलीस पाठवतील.

अन् काका, रविवारी धरमपेठेत या ना. पट्टी घेऊन या.

साखळीवाला

पट्टी नव्हे, टेप. तीस मीटरची, पोलादी. सकाळी येतो. पोह्यांवर तर्री कमी घाला, डॉक्टरांनी सांगितलंय.

संत्रासाल

या काका. तर्री वेगळी ठेवतो. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. कपाटउघडी ताई, पुरचुंड्या विसरू नका.